सगळं दिसतं बरं का मला

लग्नपत्रिका हातात पडली की माणूस आधी नावं वाचतो. आमचे लाईनवाले भाऊजी वाचत नसत. पत्रिका उजेडाकडे धरत, अंगठ्यानं कोपरा चोळत, मग नाकाशी नेत आणि मान हलवून म्हणत, "कागदात बांबू कमी घातलाय." समोर उभा असलेला मुलीचा बाप गोरामोरा होई. या तपासणीत तारीख वाचायची राहून जाई आणि ते लग्नाला हटकून दुसऱ्या दिवशी पोचत. आमच्या लोधीपुऱ्यात मांडव सोडणाऱ्या गड्यांबरोबर ते जितकं जेवलेत, तितकं नवरदेवाच्या पंगतीला जेवले नसतील.

कागदाच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला. वडील महाराष्ट्रातून तिथं कामाला आले, मागून हे चिकटले. तयार होऊन आलेला कागद तपासायचा, हे काम. निवृत्त झाले आणि बुऱ्हाणपुरात येऊन त्यांनी काय काढावं? इंटरनेट! एका मोठ्या कंपनीची लाईन घ्यायची आणि ती लोधीपुरा, राजपुरा, सिंधीपुरा मिळून चाळीसेक घरांत वाटायची. कागद बुडवणाऱ्या धंद्यात तुम्ही कसे, असं विचारलं तर म्हणत, "शत्रूच्या घरात आपला एक माणूस असावा."

माझ्या यजमानांची आणि त्यांची जुनी ओळख, म्हणून ते मला वहिनी म्हणत आणि मी त्यांना भाऊजी. गल्ली त्यांना लाईनवाले म्हणे.

त्यांचं ऑफिस एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत होतं. गिरणी जाऊन वर्षं झाली होती, पण भिंतीतून पीठ अजून गळत असे. त्यांच्या सगळ्या पेट्या, वायरी, खुद्द ते, सगळं पिठानं माखलेलं. दाढीच्या जुन्या ब्रशनं ते पेटीवरचं पीठ झटकत आणि फोनवर सांगत, "मी खांबावर चढलोय, पाच मिनिटांत लाईन येते." खांबावर! त्यांना स्टुलावर चढतानाही कुणी पाहिलं नव्हतं. एकदा मी मावा जलेबी घ्यायला गेले होते, तर हे माझ्या पुढे दोन माणसं सोडून उभे, तोंडात जलेबी, आणि फोनवर सांगतायत, "भाई, माकडानं वायर तोडली, इथंच उभा आहे, जोडतोय." मला पाहिलं. जराही लाजले नाहीत. जलेबी गिळली आणि म्हणाले, "वहिनी, तोंडाचं काही धरायचं नसतं."

हे त्यांचं तत्त्वज्ञान होतं. तोंडानं काय वाटेल ते बोलावं, पण कागदावर खोटं लिहायचं नाही. "मी कागद बनवलाय," ते म्हणत. "त्याच्यामागं काय मेहनत असते ते मला ठाऊक. त्याच्यावर खोटं लिहायला हात उठत नाही." तोंडानं त्यांनी माकडाला दिवसातून चारदा फाशी दिली असेल, पण ऑफिसातली तक्रारवही उघडावी तर त्यात सुबक अक्षरात लिहिलेलं: 'लाईन बंद. कारण: मी झोपलो होतो.' 'लाईन बंद. कारण: वायरीवर पाय पडला. पाय माझाच.' 'लाईन बंद. कारण: कळले नाही. चालू. कारण: तेही कळले नाही.'

आता माझ्याबद्दल. ही बारा वर्षांपूर्वीची हकिकत. मी तेव्हा तरुण होते, एकसष्ट वर्षांची. अक्कल यायची होती. लोधीपुऱ्याच्या महिला भजनी मंडळाची मी अध्यक्ष. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि जाताना कॉम्प्युटर ठेवून गेला, तर मी गल्लीभर सांगत सुटले की नेट घेतेय ते अभंग ऐकायला. कनेक्शन घेतलं यजमानांच्या नावावर. पहिला आठवडा अभंग ऐकलेही. दुसऱ्या आठवड्यात मला भुताच्या सिनेमांचा शोध लागला.

काय सांगू! लहानपणी आईनं बघू दिले नाहीत, लग्नानंतर सासूबाईंनी, आणि त्या गेल्यावर मुलं लहान होती. माझा साठ वर्षांचा भुतांचा अनुशेष तुंबला होता. इंदूरला शिकणाऱ्या माझ्या भाचीनं फोनवरून मला सिनेमे कसे उतरवायचे ते शिकवलं आणि दुपारी यजमान वाचनालयात गेले की मी दार लावून कामाला लागे.

पण धाक होता तो लाईनवाल्या भाऊजींचा. ते रोज सायकलवरून गल्लीत फेरी मारत. एखाद्या गॅलरीखाली थांबत, घंटी वाजवत आणि वर बघून एवढंच म्हणत, "सगळं दिसतं बरं का मला." आणि पुढे जात.

आख्खी गल्ली चळाचळा कापे. समोरच्या शालूनं नेटच्या डबीवर हातरुमाल टाकला होता, म्हणजे भाऊजींना तिचं स्वयंपाकघर दिसू नये. मी तिला हसले होते. आणि मी काय करत होते? कॉम्प्युटरसमोर बसायच्या आधी डोक्यावर पदर घेत होते. थोरला माणूस बघतोय म्हटल्यावर उघड्या डोक्यानं कसं बसायचं? शिवाय मी एक शक्कल लढवली होती. भुताचा सिनेमा उतरवायच्या आधी एक कीर्तन उतरवायचं. म्हणजे भाऊजी यादी वाचायला लागलेच तर वरचं कीर्तन पाहून समाधानानं पुढचं सोडून देतील. कीर्तन, मग चेटकीण. कीर्तन, मग प्रेत. माझ्या कॉम्प्युटरचं तेव्हा काय मत झालं असेल माझ्याबद्दल, देव जाणे.

आता यातली माझी चूक सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातनंच उपजलं.

भाची म्हणाली होती, "आत्या, हे सिनेमे एका जागेवरून येत नाहीत. ज्यांच्याकडे आहेत ते सगळे थोडं थोडं देतात. तुझ्याकडे आला की तुझ्याकडूनही पुढच्याला जायला लागतो. आपलं झालं की बंद करून टाक."

"बंद करून टाक? घेतलं आणि बंद?" मी म्हटलं.

"कुणी काही म्हणत नाही गं."

न म्हणोत! आमच्याकडे शालूच्या घरून भरताचा डबा आला तर तो कधी रिकामा परत गेलाय का? दुसरं काही नसलं तर चिमूटभर साखर, पण रिकामा डबा दारातनं बाहेर काढायचा नाही, ही आमच्या आईची शिकवण. आणि इथं जगभरच्या लोकांनी मला वाटीवाटीनं आख्खा सिनेमा दिला, आणि मी डबा पालथा घालून बसू? मी कॉम्प्युटर चालूच ठेवला. एक दिवस, दोन दिवस, महिना. एका भुताच्या सिनेमाला तर इतकी मागणी, की मी त्याची अन्नपूर्णाच झाले. खालच्या चौकटीत घेणाऱ्यांची यादी येई, प्रत्येकापुढे बारीक झेंडा आणि किती टक्के मिळाला तो आकडा. कुठल्या देशांचे झेंडे, मला काय ठाऊक! मी आपली चष्मा लावून बघे आणि म्हणे, घ्या रे बाळांनो, पोटभर घ्या. कॉम्प्युटर तापायला लागला तर त्याच्यासमोर टेबलफॅन लावला.

"हा पंखा कुणाला?" यजमानांनी विचारलं.

"कॉम्प्युटरला उकडतं."

"अभंग ऐकून?"

"अखंड सप्ताह लावलाय," मी म्हटलं. बघा, जीभ कशी सुटली होती माझी.

यजमानांबद्दल सांगायला हवं. ते कोर्टात बाबू होते. उभ्या नोकरीत त्यांनी लोकांची नावं फायलींवर लिहिली आणि त्यांचा एकच अभिमान होता की त्यांचं स्वतःचं नाव कधी कुठल्या तक्रारीत आलं नाही. सायकलला दिवा नसला तर ते संध्याकाळी सायकल हातात धरून चालत येत. असा माणूस.

आणि मग ते पत्र आलं.

वरच्या कंपनीकडून, इंग्रजीत, लाईनवाल्या भाऊजींच्या नावानं. त्यांनी आधी कागद चोळला. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. "वहिनी, कागद इतका उंची होता की न वाचताच कळलं, बातमी वाईट आहे." लिहिलं होतं की तुमच्या लाईनवरून कुणीतरी अमुक सिनेमा महिनाभर साऱ्या जगाला वाटत आहे. सिनेमाच्या मालकांची तक्रार आलीय. त्या ग्राहकाचं नाव सोबतच्या फॉर्मवर लिहून आठ दिवसांत, पाच वाजायच्या आत पाठवा, नाहीतर तुमची लाईन बंद. म्हणजे तिन्ही पुऱ्यांची.

त्यांनी काय केलं? सायकल काढली आणि घरोघर फिरले. प्रत्येक दारात तेच: "पत्र आलंय. वाटणाऱ्याचं नाव मला कळलंय. आठ दिवस देतो. आपणहून येऊन सांगा, नाहीतर मलाच लिहावं लागेल." आणि डोळे बारीक करून बघत. आमच्या दारात बघितलं तेव्हा माझ्या हातातली पोळीची कणीक घामानं सैल झाली.

त्या दिवशी जेवताना यजमान तापले होते. "कोण असेल हा हरामखोर? सभ्य माणसांची गल्ली आहे ही!"

"भात वाढू?" मी.

"नाव देऊन टाकावं सरळ. बिनदिक्कत! दया नको."

"तूप घ्या."

"आणि कायदा कुणाला धरतो माहितीय? वापरणाऱ्याला नाही. कनेक्शन ज्याच्या नावावर, त्याला. त्याचंच नाव जाणार वर." आणि समाधानानं त्यांनी भाताचं आळं केलं. "इतकं तूप का वाढलंस?"

मी काय सांगणार? माणसाला फाशी द्यायच्या आधी गोडधोड देतात, तसं माझ्या हातून तूप सुटत होतं. माझं काय व्हायचं ते होवो, भजनी मंडळ मला काढून टाको. पण या माणसाचं नाव, जे सायकलच्या दिव्यापायीसुद्धा कधी लिहिलं गेलं नाही, ते सिनेमाचोर म्हणून जाणार होतं. आणि त्यांना कॉम्प्युटरचं बटण कुठं असतं तेही ठाऊक नव्हतं.

आता कुणी म्हणेल, मग त्याच दिवशी जाऊन सांगायचं. पण म्हटलं ना, तरुण होते. मी सहा दिवस देवाला साकडं घातलं की भाऊजींचा स्मृतिभ्रंश व्हावा. सातव्या दिवशी पदर खोचून गिरणीत गेले.

तर तिथं ही गर्दी! दळण असावं तसे लोक बाकावर बसलेले. शालू होती. "तू इथं कशी?" मी विचारलं. "मी? दळायला टाकायचं होतं," ती म्हणाली. बंद गिरणीत! मी म्हटलं, "मीही त्यासाठीच आलेय." बाकावर राजपुऱ्याचे पाटील होते, केळीच्या बागा असलेले. त्यांच्या मिशा इतक्या मोठ्या की बोलले तर फक्त मिशा हलत. ते छताकडे बघत होते. एक एक जण आत जाई, दार लोटे, आणि मग कान दिला तर ऐकू येई. मी दिला. शालूनंही दिला.

पाटील आत गेले. "भाऊ, मीच तो. लिवा नाव. पन माह्या बायकोले नका सांगू."

"काय वाटलंत पाटील?"

"वाटलं नाही काही. मी ते लहान पोरांचं कार्टून बघतो. इंग्लिश. ए फॉर ॲपल. व्यापारी दिल्लीचे येतात, काहीबाही बोलतात केळीबद्दल, कळत नाही मले. म्हणून शिकतोय. दोन महिने झाले. क्यूपर्यंत आलोय."

पलीकडून भाऊजींचा थंड आवाज आला, "माहीत होतं मला. जा. पण सगळं दिसतं बरं का."

मग शालू गेली. शालूनं कबूल केलं की ती माझ्या घरी करून पाठवते ती सगळी भाजी नेटवर बघून करते आणि आईची पद्धत म्हणून सांगते. मी बाहेर बाकावर बसून तिला त्याच क्षणी माफ करून टाकलं, कारण पुढचा नंबर माझा होता.

आत गेले. भाऊजी पिठात बसले होते, डोळ्यांखाली काळं आलेलं. मी दार लोटलं, डोक्यावर पदर घेतला आणि सुटलेच. सिनेमा, भाची, डबा, पंखा, सगळं. कीर्तनाची शक्कलसुद्धा. त्यांनी विचारलं नव्हतं तेही सांगितलं.

भाऊजींचा दाढीचा ब्रश हातातच राहिला.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "तुम्ही?"

"अहो, तुम्हाला तर कळलं होतं ना नाव?"

"कुठलं कळतंय! तिन्ही पुऱ्यांचा कंपनीकडे एकच नंबर जातो. एका नळावर चाळीस घरं, आणि वरून विचारतात पाणी कुणी सांडलं. मला काय दिसतं ते या, बघा." त्यांनी पेटीकडे ब्रश दाखवला. पेटीवर एक हिरवा दिवा फडफडत होता. "हा एक दिवा. जोरात फडफडला की कुणीतरी फार चालवतंय. बस्स."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग आमच्या गॅलरीखाली रोज येऊन म्हणायचात ते?"

"सगळ्यांच्याच गॅलरीखाली म्हणतो मी. पाळीपाळीनं. लोक घाबरून कमी वापरतात, लाईन सगळ्यांना पुरते."

मी मटकन खाली बसले. पिठात. "म्हणजे भाऊजी, मी दीड वर्ष पदर कुणासाठी घेतला?"

त्यांनी दिव्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. आणि मग मला जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. भाऊजी आधी "वहिनी, बाहेर लोक आहेत" म्हणत राहिले आणि मग त्यांचंही पोट हलायला लागलं, तशी अंगावरनं पिठाची आंधी उठली. बाहेर बाकावरच्यांना वाटलं, आत मला काही भयंकर शिक्षा चाललीय. दोघं जण कबुली न देताच पळाले.

हसू ओसरलं तेव्हा त्यांनी फॉर्म समोर ठेवला. चेहरा उतरला होता. "वहिनी, आतापर्यंत सतरा जणांनी कबुली दिली. सगळे घेणारे. देणाऱ्या तुम्ही एकट्या. आता मला खरं कळलंय, आणि हा कागद आहे."

"कुणाचं तरी दुसरं नाव लिहा."

"कागदावर?"

"सासूबाईंचं लिहा. त्या कशाला नाही म्हणतायत आता!"

बघा, ही अध्यक्षीण भजनी मंडळाची. देवाघरी गेलेल्या सासूला सिनेमाचोर ठरवायला निघाली. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फॉर्म घेऊन उगाच मागनं पुढनं बघायला लागले. मागच्या बाजूला मुंगीएवढी अक्षरं होती. भिंग आणलं. दोघांनी मिळून, त्यांचं कारखान्याचं इंग्रजी आणि माझं सिनेमाचं इंग्रजी, असं करून अर्थ लावला: ग्राहकाला प्रत्यक्ष भेटून समज दिली असेल, त्याला ती पटली असेल आणि त्यानं वाटणं बंद केलं असेल, तर नाव लिहायची गरज नाही. खाली वेळ लिहून सही करावी.

मी टाळी वाजवली. "झालं! लिहा, समज दिली."

"दिली कुठं?"

"द्यायला काय लागतं? मला समजलं. करा सही."

"वहिनी," ते म्हणाले, "उद्या तीन वाजता घरी येतो. समज द्यायला."

आठव्या दिवशी ठीक तीनला आले. धुतलेला सदरा, हातात फॉर्मची गुंडाळी. यजमान नुकतेच वाचनालयात गेले होते, ते पाचला परत येणार. फॉर्मची मुदतही पाचची. भाऊजी खुर्चीत बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही केलं ते..." आणि थांबले. पाणी प्याले. परत, "वहिनी, असं करणं म्हणजे..." पुन्हा थांबले. ज्या बाईनं आपल्याला कित्येकदा शिरा खाऊ घातला तिला रागवायचं कसं, हे त्यांना जमेना.

"रागवा ना," मी म्हटलं. "लाजताय काय?"

"जरा तुम्ही उभ्या राहता का? बसलेल्या माणसाला रागवता येत नाही."

मी उभी राहिले. हात बांधले, शाळेतल्यासारखे. ते आणखीच गडबडले. असा अर्धा तास गेला. मध्ये मी चहा केला. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "भाऊजी, खरं सांगू? मला पटलेलंच नाही. घेतलं ते दिलं, यात वाईट काय? रिकामा डबा परत द्यायचा का?"

आता मात्र त्यांच्या कपाळावर आठी आली. "शालूवहिनींच्या डब्यात काय घालता तुम्ही?"

"असेल ते. वड्या, चटणी, भाजी."

"कुणाच्या चुलीवरची?"

"माझ्या!"

"आणि हा सिनेमा कुणाच्या चुलीवरचा?"

मी कॉम्प्युटरकडे वळून पाहिलं.

"कुणीतरी केला असेल ना तो," भाऊजी म्हणाले. आता त्यांचा आवाज रागाचा नव्हता, कागद तपासतानाचा होता. "रात्रीचा दिवस केला असेल. त्यांच्या ओट्यावरनं पातेलं उचललं कुणीतरी, त्यांना न विचारता, आणि तुम्ही वाढायला बसलात. तुमचा हात सढळ, ते मी जाणतो. पण वहिनी, पातेलं आपलं नाही."

माझ्या एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात मला अनेकांनी समज दिली. सासूबाईंनी तर रोज. पण लागली ती हीच. मी कॉम्प्युटरपाशी गेले. "कुठलं बटण दाबायचं ते मला माहितीय," म्हटलं, आणि चष्मा लावून खालची चौकट उघडली.

बाकी सगळे झेंडे गेले होते. एकच उरला होता. त्याच्यापुढे आकडा होता, चौऱ्याण्णव.

माझा हात थांबला.

"काय झालं?" भाऊजी उठून जवळ आले.

"कुणीतरी जेवतंय अजून."

"बंद करा वहिनी. चार वाजून गेले."

"करते हो. पटलंय मला, शपथेवर पटलंय. पण ताटावरनं उठवायचं का माणसाला?"

भाऊजींनी घड्याळाकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं. पंच्याण्णव. "लाईन हळू का आहे इतकी?" ते पुटपुटले. "तुमचीच आहे," मी म्हटलं. त्यांनी तातडीनं पाटलांना फोन लावला. "पाटील, ए फॉर ॲपल दहा मिनिटं बंद ठेवा. का म्हणून विचारू नका." मग शालूला. मग आणखी कुणाकुणाला. शहाण्णव. सत्त्याण्णव झाल्यावर बराच वेळ काहीच हललं नाही. आम्ही दोघं खुर्च्या ओढून, गुडघ्यांवर हात ठेवून, कुठल्या परमुलखातल्या कुणा परक्या माणसाच्या आकड्याकडे बघत बसलो होतो, बोर्डाचा निकाल लागत असावा तसे. अठ्ठ्याण्णव. "चला चला चला," भाऊजी हळूच म्हणत होते, बैलाला म्हणावं तसं.

शंभर झाले आणि तो झेंडा आपोआप दिसेनासा झाला. मी बटण दाबलं. पंखाही बंद केला. खोली एकदम शांत झाली.

भाऊजींनी घड्याळात बघून फॉर्मवर वेळ लिहिली, चार वाजून एकतीस मिनिटं. 'समज दिली' वर खूण केली. 'समज पटली' या रकान्यापाशी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्यांनी खूण केली. सही केली. फोननं फोटो काढला आणि माझ्याच कॉम्प्युटरवरून तो वरच्या कंपनीला पाठवून दिला. मग कपाळावरचा घाम पुसला.

"सुटलो," ते म्हणाले. "तुमच्या साहेबांचं नाव वाचलं."

"वाचलं."

ते दारापर्यंत गेले, चपलेत पाय घातला, आणि वळले. "वहिनी, इतक्या जगानं मागून मागून घेतला. चांगला होता का हो सिनेमा?"

मी चहाचे कप उचलायला लागले.

"नव्हता?"

"आता तुम्हाला काय सांगू भाऊजी. ती बाई कंदील घेऊन जिना उतरायला लागते ना, तिथं मला इतकी भीती वाटली, की मी बंद केला तो केलाच. पुढचा पाहिलाच नाही."

"पाहिला नाही? आणि महिनाभर वाटलात?"

"कारल्याची भाजी मी कुठं खाते? शालूकडे देतेच की."

भाऊजींनी फॉर्मची गुंडाळी परत टेबलावर ठेवली. मग चपला काढल्या, आत आले आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले.

"लावा," ते म्हणाले. "सही कशावर केली ते बघू तर द्या."